आगबोटींच्या याद्या आणि हरवलेलीं गांवें

आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटण्याचा संभव आहे. जुन्या याद्या वाचाव्या, त्यांतील नांवें स्वच्छ अक्षरांत उतरून काढावीं आणि त्यांची सूचि करावी, हें कारकुनाचें काम, असें कोणी म्हणेल. तें खरेंहि आहे. परंतु ज्या याद्यांविषयीं मी बोलणार आहें, त्या जर्मनी सोडून परदेशीं कायमच्या गेलेल्या माणसांच्या आहेत. त्यांत एका अक्षराची चूक झाली, तर एका कुटुंबाचें मूळ गांव त्याच्या वंशजांस जन्मभर सांपडत नाहीं. म्हणून या कारकुनास न्यायाधीशाइतकी सावधगिरी बाळगावी लागते.

इ. स. १८२० पासून पहिल्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत पन्नास लाखांहून अधिक जर्मन लोक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाऊन राहिले. १८८२ या एकाच वर्षीं हा आंकडा सुमारें अडीच लाखांवर गेला होता. नैर्ऋत्येकडील प्रांतांत वारसांमध्यें शेतांच्या वांटण्या होतां होतां एकेकाच्या वांट्यास पोटापुरतीहि जमीन उरेना. १८४० नंतरच्या दशकांत बटाट्याचें पीक बुडालें. १८४८ ची राज्यक्रांति फसली. आणि तरुणांच्या मानेवर सक्तीच्या लष्करी नोकरीचें जूं होतेंच. हे लोक बहुधा ब्रेमेन किंवा हॅम्बुर्ग या बंदरांतून निघत. ब्रेमेनच्या सरकारानें १८३२ सालीं कायदा करून प्रत्येक जहाजाच्या कप्तानास उतारूंची यादी देणें भाग पाडलें. हॅम्बुर्गच्या याद्या १८५० पासून आहेत.

या दोन बंदरांच्या दप्तरांचें दैव मात्र निराळें ठरलें. ब्रेमेन येथें जागा अपुरी पडूं लागली, म्हणून १८७५ नंतर तीन वर्षांहून जुन्या याद्या नष्ट करण्याचा परिपाठ कित्येक वर्षें चालला. पुढें जें उरलें होतें, त्यांतील बहुतेक दुसऱ्या महायुद्धांत जळालें. १९२० ते १९३९ या काळांतील २,९५३ याद्या तेवढ्या वांचल्या. युद्धकाळीं त्या सुरक्षिततेसाठीं मिठाच्या खाणींत ठेविल्या होत्या. तेथून त्या मॉस्कोस गेल्या, आणि फार वर्षांनीं त्यांचा मजकूर पुन्हां ब्रेमेनच्या हातीं आला. तो उतरून काढण्याचें काम तेथील एका वंशशोधक मंडळाच्या सभासदांनीं केलें. १९२४ सालीं स्थापन झालेल्या या मंडळाचें नांव आहे ‘डी माउस’, म्हणजे उंदीर. आपल्याकडील उंदीर दप्तरें कुरतडतात. ब्रेमेनच्या या उंदरानें तीं जगविलीं!

हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या याद्या मात्र बव्हंशीं शाबूत आहेत, आणि त्यांत सुमारें पन्नास लाख नांवें आहेत. उतारूचें नांव, वय, धंदा, जहाज, जावयाचें ठिकाण, आणि सर्वांत मोलाचें म्हणजे त्याचें गांव, असा तपशील त्यांत सांपडतो. अमेरिकेच्या बंदरांत झालेल्या जुन्या नोंदींत पुष्कळदां ‘प्रशिया’ किंवा ‘बव्हेरिया’ एवढेंच लिहिलेलें असे. गांवाचें एवढें महत्त्व कां, असें आपण विचाराल. जन्ममृत्यूची सरकारी नोंद साऱ्या जर्मन साम्राज्यांत १८७६ पासून सुरू झाली. त्यापूर्वींच्या पिढ्या बहुतेक ठिकाणीं गांवच्या चर्चच्या वह्यांतच सांपडावयाच्या. गांव ठाऊक नाहीं, तर कोणत्या चर्चची वही उघडावी? शोध तेथेंच थांबतो.

हॅम्बुर्गच्या याद्या दोन प्रकारच्या आहेत. एक थेट जाणाऱ्यांच्या. दुसऱ्या आडमार्गानें, म्हणजे इंग्लंडांतील हल बंदरीं उतरून, रेल्वेनें लिव्हरपूल गांठून पुढें जाणाऱ्यांच्या. पहिल्या यादींत नांव न मिळाल्यास पुष्कळ लोक निराश होऊन परततात. वस्तुतः तें दुसरींत असतें. त्या काळच्या कारकुनांनीं सूचिहि केली होती. पण ती आडनांवाच्या केवळ आद्याक्षरावर, आणि आंत जहाजें सुटण्याच्या क्रमानें. म्हणजे ‘श’चा कोणी ‘श्मिट’ हवा असेल, तर ‘श’चीं सारीं पानें चाळलींच पाहिजेत. प्रत्येक नांव सर्व अक्षरांनिशीं लावलेली नवी सूचि कां लागली, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां लिपीकडे वळूं. जुनें जर्मन हस्ताक्षर ‘कुरेंट’ नांवाच्या मोडणींत असे. त्यांत ‘ए’ आणि ‘एन्’ हीं अक्षरें जवळजवळ सारखीं दिसतात. ‘यू’ हें ‘एन्’ पासून ओळखूं यावें म्हणून त्याच्या डोक्यावर लहानशी चंद्रकोर काढीत. घाईच्या लेखकाची ती कोर सुटली, कीं नांव बदललें! ज्यांनीं मोडी कागद चाळले आहेत, त्यांस ही अडचण नवी वाटणार नाहीं. १९१५ पासून प्रशियाच्या शाळांतून याच वळणाची ‘झ्यूटरलीन’ लिपि शिकवूं लागले. १९४१ सालीं सरकारी हुकुमानें हीं जुनीं वळणें शाळेंतून गेलीं. परिणाम असा, कीं आज कित्येक जर्मन नातवंडांस पणजोबांचें पत्र वाचतां येत नाहीं.

तारखांतहि चकवे आहेत. जुन्या वह्यांत ‘७ बर’ असें लिहिलेलें आढळतें. नवशिका तो सातवा महिना समजून जुलै लिहितो. वास्तविक लॅटिन ‘सेप्टेम’ म्हणजे सात, आपला ‘सप्त’च तो, म्हणून हा सप्टेंबर. त्याचप्रमाणें ‘८ बर’ म्हणजे आक्टोबर.

या कामाचा पहिला नियम असा, कीं कागदावर जें आहे तेंच लिहावें, सुधारूं नये. ‘मायर’ हें आडनांव चारपांच तऱ्हांनीं लिहितात. यादींत जी तऱ्हा असेल तीच ठेवावी. न लागलेलें अक्षर ठरीव खुणेनें दाखवावें; अटकळीनें भरूं नये. पुष्कळ ठिकाणीं एकच पान दोघांकडून स्वतंत्रपणें लिहवून घेतात, आणि भेद पडेल तेथें तिसरा अनुभवी मनुष्य निर्णय देतो. दुसरा नियम हा, कीं मूळ पाठ वेगळा आणि सूचि वेगळी. उच्चारसादृश्यावरून नांवें एकत्र आणण्याचें काम सूचीनें करावें. त्यासाठीं १९६९ सालीं हान्स योआखिम पोस्टेल यांनीं जर्मन उच्चारांस जुळणारी ‘कोलोन पद्धति’ तयार केली. गांवांसाठीं १९१२-१३ चा मायरचा स्थलकोश हाताशीं ठेवावा. कारण ‘नॉयश्टाट’ म्हणजे ‘नवें शहर’, आणि त्या नांवाचीं ठिकाणें कितीतरी. शिवाय जुन्या यादींतील ब्रेस्लाव हें आज पोलंडांतील व्रोत्स्वाव्ह, आणि श्टेटिन हें श्चेचीन झालें आहे.

अलीकडे जुनें हस्ताक्षर वाचणारीं गणकयंत्रेंहि निघालीं आहेत, आणि तीं पानामागून पान झपाट्यानें वाचतात. पण ‘ए’ कीं ‘एन्’ असा प्रश्न आला म्हणजे त्यांचें वाचन माणसास तपासावेंच लागतें. तसेंच यादींत नांव नाहीं, म्हणून मनुष्य गेलाच नाहीं, असेंहि ठरवूं नये. लष्करी नोकरी चुकविण्यासाठीं परवानगीवांचून निसटलेले तरुण परवान्यांच्या दप्तरांत कोठून सांपडणार?

हा प्रश्न केवळ जर्मनांचा नाहीं. १८३४ नंतर मुंबई बंदरांतून मॉरिशसला गेलेल्या करारबद्ध मजुरांत आपल्या कोंकणांतील मराठी माणसेंहि होतीं. त्यांचीं नांवेंगांवें अशाच वह्यांतून, मराठी न जाणणाऱ्या कारकुनांनीं, कानांस जशीं पडलीं तशीं लिहिलीं. आणि त्यांचे वंशज आज त्या अक्षरांवरून रत्नागिरीकडचें एखादें गांव शोधतात. म्हणून, श्रोतेहो, ज्यांच्या घरीं जुन्या वह्या असतील त्यांनीं त्या रद्दींत घालूं नयेत. ज्यांस जुनें अक्षर लागतें त्यांनीं तें एका तरी तरुणास शिकवावें. आणि नक्कल करणारानें न लागलेल्या अक्षराच्या जागीं प्रामाणिकपणें खूण करून पुढें जावें. ती खूण पाहून उद्यां दुसरा कोणी तें अक्षर लावील. चुकीचें भरलेलें अक्षर मात्र पुन्हां कोणी तपासावयास जात नाहीं.