जुन्या फॅक्सचे जेपेग करण्यापूर्वी

संगणकावर आलेले जुने फॅक्स अजूनही पुष्कळ कार्यालयांत, वकिलांकडे, काही घरांतही जपून ठेवलेले असतात. या फाइली बहुधा टिफ प्रकारच्या. मोबाइलवर त्या सहज उघडत नाहीत, म्हणून लोक त्यांचे सरसकट जेपेग करतात आणि मूळ फाइल पुसून टाकतात. कृपा करून तसे करू नका.

फॅक्सच्या पानावर करडा रंगसुद्धा नसतो. ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. ए-फोर कागदाच्या रुंदीत असे १७२८ ठिपके बसतात. १९८० साली ठरलेल्या ग्रुप थ्री पद्धतीत यंत्र एकेक ठिपका पाठवत बसत नाही. सलग किती पांढरे, मग सलग किती काळे, एवढेच संकेतांत कळवते. कोरी ओळ त्यामुळे अगदी थोडक्यात आटोपते. १९८४ च्या ग्रुप फोरमध्ये प्रत्येक ओळ वरच्या ओळीशी ताडून फक्त बदल नोंदवतात. छापील मजकुराची फाइल त्याने आणखी लहान होते, आणि एकही ठिपका हरवत नाही. मला ही पद्धत आजही अव्वल वाटते.

जेपेग १९९२ चे, छायाचित्रांसाठी घडवलेले. ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला फारसे जाणवणार नाहीत असे बारकावे गाळते. चेहऱ्यात, आभाळात ते खपून जाते. अक्षराची कड मात्र काळ्यातून एकदम पांढऱ्यात जाते, आणि तिथे करडे डाग उमटतात. देवनागरीत हे फार नडते. शिरोरेघेवरचा ठिपका अनुस्वार आहे की डाग, हेच कळेनासे होते. इतके होऊन फाइल बहुधा मूळ फॅक्सपेक्षा मोठीच!

आणखी एक. टिफच्या एका फाइलीत अनेक पाने मावतात, जेपेगमध्ये एकच. घाईत पहिलेच पान बदलले जाते आणि सही असलेले शेवटचे पान मागे राहते.

साध्या प्रतीच्या फॅक्समध्ये इंचाला आडवे २०४ ठिपके, तर उभे फक्त ९८. काही प्रोग्राम हे ओळखत नाहीत, म्हणून पान चेपलेले दिसते. फाइल बिघडलेली नसते. दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहा.

मोबाइलवर पाठवायचे असेल तर पीडीएफ करा. त्यात ग्रुप फोरचीच सोय आहे. बदल करताना जेपेग हा पर्याय तेवढा निवडू नका. पाने मोजून घ्या, आणि मूळ टिफ वेगळ्या डिस्कवर ठेवा.