स्त्री-कामगार आणि समान वेतनाचा प्रश्न
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



समितीने आम्हांस विषय दिला तो ‘स्त्रियांना पुरुषांइतके वेतन द्यावे काय ?’ असा. आम्ही पडलो गिरणी कामगार. शाळा नववीपर्यंत, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा पंडिताचे व्याख्यान ऐकायला मिळेल ही अपेक्षा कोणी ठेवू नये. पण रोजी आणि पगार ह्या गोष्टी आम्हाला थोड्याफार कळतात. घटनेच्या पानावर ह्या प्रश्नाचा निकाल १९५० सालीच लागला. अनुच्छेद ३९ (घ) मध्ये स्त्री आणि पुरुष दोघांना समान कामाबद्दल समान वेतन असावे, असे राज्याला मार्गदर्शन केलेले आहे. आपल्या चौकातल्या ठिय्यावर मात्र तो निकाल अजून पोहोचलेला नाही, म्हणून बोलायचे.

रोज सकाळी आपल्या वस्तीतले लोक ठिय्यावर उभे राहतात. मिस्त्रीचा रेट वेगळा, कुलीचा वेगळा, रेजाचा वेगळा. मिस्त्रीच्या हातात कसब आहे, त्याला जास्त मिळाले तर कोणाची तक्रार नाही. पण कुली आणि रेजा ह्यांच्यात फरक कशाचा ? तो फावड्याने घमेले भरतो, ती ते डोक्यावर घेऊन शिडी चढते. स्लॅब पडतो त्या दिवशी दोघे एकाच रांगेत असतात. ठेकेदाराला विचारा, तो म्हणेल, “काकाजी, रेजाचा रेट असाच राहते.” झाले ! ह्यापुढे त्याच्याजवळ उत्तर नाही.

आता हिशेब करू. समजा, कुलीला ६०० रुपये आणि रेजाला ४५० रुपये धरले. दिवसाला १५० चा फरक. महिन्यात २५ दिवस काम मिळाले तर ३,७५० रुपये, वर्षाला ४५,०००. वीस वर्षे त्या बाईने घमेले उचलले तर नऊ लाख रुपये झाले. एवढ्या पैशात आपल्या वस्तीतल्या पोराचे किंवा पोरीचे शिक्षण होते की नाही, ते तुम्हीच सांगा.

पण विरोधकाचे म्हणणेही पुरते ऐकले पाहिजे. अर्धवट ऐकून भांडण होते, वाद होत नाही. पहिले म्हणणे असे की, पुरुष हा घरचा पोशिंदा, बाईची कमाई म्हणजे वरखर्चाला हातभार. म्हणून त्याला जास्त. बरे, मग बिनलग्नाच्या पोराला अर्धा पगार द्या, आणि चार लेकरांच्या विधवेला दीडपट द्या ! असा मालक आम्ही तरी पाहिला नाही. मजुरी घरातली तोंडे मोजून ठरत नसते. बाईची पाळी आली की मात्र मालकाला तिचे घर आठवते. आपल्या वस्तीत किती घरे बाईच्याच कमाईवर चालतात, हे गिरण्या बंद पडल्यावर सगळ्यांनी पाहिलेले आहे. त्या दिवसांत धुणी-भांडी करून आणि डबे पोहोचवून कोणी कोणाला पोसले, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे म्हणणे ताकदीचे. बाईच्या अंगात पुरुषाइतके बळ नसते, म्हणून काम हलके आणि दामही हलका. ह्याचे उत्तर द्यायला आम्हाला कोळशाच्या खाणीत उतरावे लागेल.

खाणीत जमिनीखाली बायांनी काम करू नये, अशी बंदी सरकारने टप्प्याटप्प्याने आणून १९३७ साली पूर्ण केली. पुढे महायुद्ध आले, कोळसा कमी पडू लागला, आणि १९४३ साली तीच बंदी उठवली गेली. त्या वेळी मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. महिला संघटनांनी ह्या निर्णयाला विरोध केला, आणि तो विरोध खोटा नव्हता. पोटुशी बाई खाणीच्या अंधारात उतरणे कोणाला बरे वाटेल? १९४४ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळात ह्यावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी ही बंदी नाइलाजाने उठवावी लागली हे सांगितले. त्याचबरोबर हेही सांगितले की, खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, आणि स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान वेतन हे तत्त्व कोणत्याही उद्योगात प्रथमच लागू होत आहे. युद्ध संपले आणि १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली.

ह्यातून आम्ही काय समजायचे ? कोळसा पाहिजे होता तोवर बाईच्या अंगात बळ होते. गरज सरली तशी ती पुन्हा अबला झाली. बळ तेच आणि बाईही तीच. कापसाच्या वेचणीला पाहा. तिथे किलोवर मजुरी असते, त्यामुळे बाई कमी की पुरुष कमी, हे काट्यावर दिसते. वेचणीत बायांचा हात पुरुषांपेक्षा चालतो, हे विदर्भातला कोणताही शेतकरी सांगेल. म्हणून त्या कामात बळाची भाषा कोणी काढत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर बायांनी खडी फोडली. मोजमापावर दाम, बाई असो की पुरुष. त्यामुळे आभाळ काही कोसळले नाही.

खरी लबाडी नावात असते. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी समान वेतनाचा अध्यादेश निघाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. (समान वेतनाचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा, भारताने तो मान्य केला १९५८ साली. कामगाराचा कायदा बैलगाडीनेच येतो.) कायदा म्हणाला, सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला सारखे वेतन. मालकांनी मग कामाचीच नावे बदलली. पुरुष ऑपरेटर, बाई हेल्पर. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीचा खटला ह्याबाबत वाचण्यासारखा आहे. ऑड्री डिकॉस्टा ह्या तिथे स्टेनोग्राफर होत्या. बायांचा ‘लेडी स्टेनोग्राफर’ असा निराळा गट होता आणि त्यांचा पगार पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी. कंपनी म्हणे, त्यांचे काम वेगळे, आणि युनियनशी झालेल्या करारानेच पगार ठरले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली हे म्हणणे फेटाळले. काम सारखे असेल तर करार कायद्याच्या वर नाही, आणि कंपनीला परवडत नाही ही सबबही चालणार नाही, असा निकाल झाला. युनियनच्या लोकांनी ह्यातली कराराची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. सहीच्या टेबलावर बसणारे सगळे पुरुषच असतात.

आणि जिथे पुरुषच नाही तिथे तुलना कोणाशी करायची ? अंगणवाडी सेविका आपल्या वस्तीतही आहेत. त्यांना जे मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. शब्द किती गोड आहे पाहा ! ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा त्यांना २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन मिळवावा लागला. आमच्या मते समान वेतनाची लढाई इथे सर्वात अवघड आहे. जे काम फक्त बायाच करतात ते आधीच स्वस्त ठरवून टाकलेले असते.

आता विरोधकाचे शेवटचे आणि वजनदार म्हणणे. तो म्हणतो, सारखा पगार द्यावा लागला तर मालक बाईला कामावरच घेणार नाही. मग तुमचा समान हक्क घरी बसून खाल काय ? हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आम्ही गिरणीत लागलो तेव्हा वाइंडिंग खात्यात दोन-चारच बाया उरल्या होत्या. जुने कामगार सांगत की, वाइंडिंग आणि रीलिंग म्हणजे पूर्वी बायांचीच खाती. १९४८ च्या कारखाने कायद्याने बाईला रात्रपाळी बंद होती. तीन पाळ्यांची गिरणी चालवणाऱ्या मालकाला तिन्ही पाळ्यांत फिरवता येईल असा पुरुष सोयीचा. त्यात बाळंतपणाची रजा आणि पाळणाघराचा खर्च. नवी यंत्रे आली, बाया निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी पुरुष आले. कोणी बाईला काढले असेही नाही, फक्त नवी घेतली नाही.

म्हणजे भीती खरी आहे, पण त्यावर कमी मजुरी हा उपाय नाही. बाळंतपणाचा खर्च एकट्या मालकावर पडला तर तो बाईला टाळणार, हे उघड आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. आज जिथे राज्य विमा योजना लागू आहे, तिथे बाळंतपणाचा भत्ता मालकाच्या गल्ल्यातून जात नाही, महामंडळ देते. मालकाची वर्गणी पगाराच्या सव्वातीन टक्के, आणि ती पुरुष कामगारावरही तितकीच. म्हणजे बाईऐवजी पुरुष ठेवून त्याची एक दमडी वाचत नाही ! हे पुष्कळ छोट्या मालकांनाच ठाऊक नसते. तेव्हा विमा नोंदणी झाली की नाही हे विचारा.

१९७६ चा कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीतही भरती करताना स्त्री म्हणून डावलता येत नाही, आणि बरोबरी करण्यासाठी पुरुषाचा पगार खाली आणता येत नाही. ही दुसरी गोष्ट इथल्या बंधूंनी नीट ऐकावी. रेजाचा रेट वाढला तर आपला कमी होईल, असे ठेकेदार तुमच्या कानात सांगेल. पण स्वस्त बाई ठिय्यावर उभी असली की महाग पुरुषाचा रेट कोण वाढवणार ? विडी कारखान्यांत आणि गिरण्यांत हाच खेळ चालत आला.

आपल्या बायांना हे आज कळते आहे असेही नाही. २० जुलै १९४२ रोजी ह्याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. हजारो बाया आल्या होत्या. गिरणी, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे ह्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना रजा, नुकसानभरपाई आणि पेन्शन मिळावे, असा ठराव त्यांनी केला. त्यांतल्या कितीतरी जणींना सही येत नसेल. आपल्या आज्या आणि पणज्या त्या परिषदेत असतील, घरी विचारून पाहा.

आता कामाचे बोलू. किमान वेतनातला महागाईचा भाग सरकार वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून बदलते. त्या तक्त्यात बाईचा रकाना वेगळा नाही. समितीची परवानगी आम्ही घेतलेली आहे, विहाराच्या बाहेरच्या फळ्यावर बांधकाम मजुराचा चालू दर दर सहामाहीला लिहिला जाईल. महिला मंडळाकडे एक वही दिली आहे. ठिय्यावर जाणाऱ्या बहिणींनी तीत तारीख, ठेकेदाराचे नाव, काम काय केले आणि हातात किती पडले, एवढे रविवारी लिहून द्यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे आम्ही लिहून घेऊ. संध्याकाळी सहा वाजेपासून इथे बसलेले असतो.