कानाला काप दिलेला पैसा



ज्या माणसाविषयी आज आम्ही बोलणार आहोत, तो आमच्या पंथाचा नव्हे. ॲरिझोनाचे जेफ फ्लेक हे रिपब्लिकन पक्षाचे. सरकारने कमी खर्च करावा, बाजाराला मोकळे सोडावे, या मताचे. मजुरीच्या प्रश्नावर ते आणि आम्ही एका बाकावर बसणार नाही. तरी 2001 ते 2013 या बारा वर्षांत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात त्यांनी जो एक हट्ट धरला, तो युनियनच्या माणसाने नीट समजून घ्यावा असा आहे.

हट्ट होता 'इअरमार्क'विरुद्ध. शब्द गुराख्यांचा. कळपात आपले जनावर ओळखू यावे म्हणून त्याच्या कानाला काप देतात. फ्लेक स्वतः गुरे पाळणाऱ्या कुटुंबातले, तेव्हा त्यांना तो शिकवावा लागला नसेल. कायदेमंडळात त्याचा अर्थ असा की, खर्चाच्या विधेयकात एखादा सभासद कलम घालतो: इतके डॉलर अमुक गावच्या पुलाला, इतके अमुक कंपनीला. पुष्कळदा खात्याने ते मागितलेले नसते, टेंडर निघालेले नसते. 2007 पूर्वी कलम कोणाचे हेही सहसा छापीत नसत. 2005 च्या महामार्ग कायद्यात अशी सहा हजारांवर कलमे होती. त्यांतले एक अलास्कातील केचिकन गावाहून जेमतेम पन्नास वस्तीच्या बेटावर जाणाऱ्या पुलासाठी, 22 कोटी डॉलरांहून अधिक रकमेचे. प्रतिनिधिगृहात तो कायदा 412 विरुद्ध 8 मतांनी मंजूर झाला. त्या आठांत फ्लेक होते.

हा नुसता उधळपट्टीचा प्रश्न नव्हता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी रँडी कनिंगहॅम यांनी लाच घेतल्याचे कबूल केले. रक्कम 24 लाख डॉलर. त्यांनी सभागृहाच्या छापील कागदावर दरपत्रकच लिहून दिले होते: 1 कोटी 60 लाखांचे कंत्राट हवे असेल तर एक बोट, पुढच्या प्रत्येक दशलक्षाला 50 हजार, आणि मोठ्या गिऱ्हाइकाला पुढे सवलत! किराणा दुकानदार याहून अधिक संकोचाने भाव सांगतो. मार्च 2006 मध्ये त्यांना आठ वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली.

फ्लेक यांची रीत साधी होती. विधेयक आले की एकेक कलम उचलायचे, उभे राहून विचारायचे की हे कशासाठी, हे सरकारचे काम कसे, मग मतदान मागायचे आणि हरायचे. स्वपक्षाची कलमेही ते सोडीत नसत. 2007 च्या आरंभी पक्षनेत्यांनी त्यांना न्यायसमितीतून काढले. आपल्या मतदारसंघासाठी मात्र त्यांनी काही मागितले नाही. तीन मुदतींनंतर थांबण्याचे वचन त्यांनी दिले होते, ते मोडले, हेही नोंदले पाहिजे.

जून 2007 मध्ये ते एकदा जिंकले. नॉर्थ कॅरोलिनातील मिचेल काउंटी हा डोंगराळ मुलूख. कारखाने बंद पडलेले. तिथल्या लोकांना नाताळच्या वस्तू करून विकता याव्यात अशा योजनेला 1 लाख 29 हजार डॉलर ठेवले होते. ते कलम 249 विरुद्ध 174 मतांनी उडाले. कोट्यवधींची शस्त्रास्त्रांची कलमे सुखरूप राहिली आणि बेकार झालेल्या गावाचे गेले. तत्त्व फ्लेक यांचे खरे, पण सभागृहाला धैर्य सुचले ते दुबळ्यापुढे.

आता आमची खरी अडचण सांगतो. पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन हे पोलादाचे गाव. गिरण्या बसल्या आणि 1983 साली तिथे चारांतला जवळजवळ एक माणूस बेकार होता. तिथले प्रतिनिधी जॉन मर्था यांनी संरक्षणखर्चातून कलमामागून कलम आणून गावात काम आणले. गिरणगावाचे काय झाले हे पाहिलेल्या कोणी त्यांना हसू नये. गेटवर उभा असलेला माणूस 'काम कोठून आले' हे विचारीत नाही. आम्हीही विचारले नसते.

पण मर्थांच्या खर्चसमितीतला एक जुना नोकर दलाल बनला होता. पीएमए ही त्याची पेढी. 2008 च्या संरक्षण विधेयकात शंभराहून अधिक प्रतिनिधींनी तिच्या अशिलांसाठी सुमारे 30 कोटी डॉलरांची कलमे घातली, आणि त्याच सुमारास निवडणूकनिधीही वाहत होता. या दोहोंचा संबंध नीतिसमितीने तपासावा, असा ठराव फ्लेक यांनी 2009 मध्ये पुन्हा पुन्हा मांडला. सभागृहाने तो पुन्हा पुन्हा बाजूला सारला. फेब्रुवारी 2010 मध्ये समितीने मर्थांसह सातही सभासदांना निर्दोष ठरविले. पेढीवाल्याला मात्र बेकायदा देणग्यांबद्दल 2011 मध्ये 27 महिन्यांची कैद झाली. जॉन्सटाउनच्या बेकाराच्या पोटाशी त्या देणग्यांचा काय संबंध होता? त्याच्या नावावर दलाल जेवत होता, एवढाच.

आमच्या युनियनमध्ये पावतीपुस्तक एकाकडे आणि पेटी दुसऱ्याकडे. हा नियम माणसे चोर आहेत म्हणून नव्हे. संशयाने आमच्या शाखा फुटलेल्या आम्ही पाहिल्या आहेत म्हणून. आपल्याकडेही 1993 पासून खासदार निधी आहे. आज प्रत्येकी वर्षाला 5 कोटी. तिथे खासदार काम सुचवितो आणि जिल्ह्याचे अधिकारी मंजुरी देतात. निदान कागदावर तरी पेटी वेगळी.

अमेरिकेत 2011 पासून ही कलमे बंद झाली. दहा वर्षांनी, 2021 मध्ये, ती नव्या नावाने परतली. आता सभासदाने नाव जाहीर करायचे, आपला वा कुटुंबाचा आर्थिक संबंध नाही असे लिहून द्यायचे, आणि नफा कमावणाऱ्या कंपनीला प्रतिनिधिगृहातून एक डॉलरही मागायचा नाही. फ्लेक तोवर सिनेटमधूनही बाहेर पडले होते.