हातचा कुठे जातो?



जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या संमेलनात अध्यक्षाने शिक्षणाचं भूत, वर्तमान आणि भवितव्य सांगावं असा प्रघात आहे. मला त्यातलं भवितव्य काही ठाऊक नाही. तेव्हा एकच प्रश्न घेतो. सत्तेचाळीस आणि अडतीस यांची बेरीज करताना दुसरीतल्या पोराचा हातचा कुठे जातो?

सात नि आठ पंधरा. पाच मांडले, हातचा एक. तो ‘एक’ पाटीवर मांडायचा नसतो. चार आणि तीन मिळवेपर्यंत मनात धरून ठेवायचा असतो. या धरून ठेवण्याला मानसशास्त्रज्ञ कार्यस्मृती म्हणतात. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिचा आराखडा मांडला. मनातल्या मनात घोकायचं ते एकीकडे, डोळ्यांपुढे आणायचं ते दुसरीकडे, आणि जागा दोन्हीकडे तोकडी.

आता आपल्या जोडवर्गात या. एका भिंतीला दुसरी, समोरच्या भिंतीला चौथी. चौथी मोठ्यानं तेराचा पाढा म्हणते आहे आणि दुसरीला तोंडी बेरजा घातल्या आहेत. बेरीज चुकली की आपण खेकसतो, “लक्ष कुठंय तुझं?”

१९७६ मध्ये कॉल आणि वेल्श या दोघा अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना पडद्यावरची अक्षरं क्रमानं लक्षात ठेवायला सांगितली. त्याच वेळी जर्मन उतारा ऐकवला जात होता. तिकडे दुर्लक्ष करा, अशी स्पष्ट सूचना होती आणि त्यांना जर्मन येतही नव्हतं. तरी अक्षरांचा क्रम चुकला. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत, आणि अर्थ कळला नाही तरी बोलणं आत शिरतंच. पुढच्या प्रयोगांतून दिसलं की पंख्याची एकसुरी घरघर फारशी नडत नाही. नडतो तो क्षणाक्षणाला बदलणारा आवाज. पाढा तर बदलतच जातो, आणि वर तोही आकड्यांचाच!

डोळ्यांचीही तीच गत. २००५ मध्ये व्होगेल आणि सहकाऱ्यांनी डोक्याला विद्युतअग्रं लावून मेंदूची हालचाल मोजली. लाल पट्ट्या लक्षात ठेवा, निळ्या सोडा, असं सांगितलं होतं. कार्यस्मृतीची क्षमता कमी असलेल्या मंडळींच्या मेंदूत निळ्या पट्ट्याही जाऊन बसल्या होत्या. म्हणजे खोली लहान असण्यापेक्षा दारावर राखणदार नसणं ही मोठी अडचण. प्रयोग प्रौढांवरचा होता हे खरं, पण ज्याला आपण ‘ढ’ म्हणतो त्याच्याकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

न्यूयॉर्कच्या एका शाळेला लागून उन्नत रेल्वेमार्ग होता. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवलं की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात मागे पडतात. सहावीपर्यंत हा फरक सुमारे वर्षभराचा होई. पोरांना कुणी शिकवण्या लावल्या नाहीत. रुळांखाली रबर बसवलं, वर्गांना आवाज शोषणारी छतं घातली. १९८१ च्या अहवालात दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीला आलेली होती. मुलं तीच कुवत घेऊन येत होती, बदलले ते रूळ. शिक्षणशास्त्रात असा स्वच्छ पुरावा क्वचितच हाती लागतो.

आणि चित्रांनी रंगवलेल्या आपल्या वर्गांच्या बोलक्या भिंती? पिट्सबर्गमध्ये २०१४ साली बालवाडीच्या २४ मुलांवर प्रयोग झाला. सजवलेल्या वर्गात ४२ टक्के उत्तरं बरोबर आली, मोकळ्या भिंतींच्या वर्गात ५५ टक्के. मुलं थोडी, पाठ मोजके. तेवढ्यावरून गावानं वर्गणी काढून रंगवलेल्या भिंती पुसा असं मी म्हणणार नाही. पण फळ्याभोवतीची भिंत कोरी ठेवायला काय हरकत आहे? वाघ, विमान आणि जलचक्र मागच्या भिंतीवर जाऊ द्या.

जोडवर्ग एका रात्रीत सुटणार नाहीत. वेळापत्रक मात्र आपल्या हातात आहे. एका वर्गाचं पाठांतर असेल तेव्हा दुसऱ्याला चित्रकला द्या, किंवा पाठांतर झाडाखाली न्या; तोंडी गणिताला खोलीत दुसरा आवाज नको. दुपारच्या सत्रात ठराव मांडले जातील तेव्हा प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र खोली ही मागणी पहिल्या क्रमांकावर घ्यावी, अशी माझी सूचना आहे.