कात्री आणि साक्ष



छायाचित्रातील व्यक्ती पार्श्वभूमीपासून वेगळी काढणे ही आज पोटापाण्याची विद्या झाली आहे. १९९० साली फोटोशॉप आले. गिंप तर विनामूल्य मिळते. स्पष्ट कडांसाठी पेन टूल, केसांसाठी मऊ ब्रश वापरा. पार्श्वभूमी खोडरबराने पुसू नका, मास्क लावा. मास्कवरील काळा रंग भाग झाकतो, पांढरा तो पुन्हा दाखवतो. मूळ चित्र शाबूत राहते.

परंतु मित्रहो, हुनर ही अमानत आहे. १९४० मध्ये मृत्युदंड झालेल्या येझोव्हला स्टालिनशेजारच्या छायाचित्रातूनही पुसून टाकण्यात आले. छायाचित्र ही साक्ष असते. ओळखपत्रासाठी पार्श्वभूमी जरूर बदला. साक्षीतून माणूस मात्र कापू नका.