तिसरी खुर्ची

 

या परिषदेसाठी परतवाड्याहून घाट चढून धारणीला आलेल्यांना सेमाडोहजवळ सिपना नदी भेटली असेल. इथल्या लोकांच्या कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. इथे नदीचं नाव कोरकू. दवाखान्याचा कारभार मात्र मराठीत. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाळीची बहीण. मराठीशी तिचं नातं नाही. निम्मं तरी अंदाजाने कळेल, ही आशा इथे फोल ठरते.

मी निवृत्त मास्तर. एकदा आरोग्य केंद्रात रांगेत उभा होतो. पुढे माझा बारा वर्षांचा विद्यार्थी, आईला घेऊन आलेला. डॉक्टरांनी विचारलं, "पाळी कधी आली होती?" पोरगं खाली बघत राहिलं, आईशी काहीतरी पुटपुटलं आणि म्हणालं, "ताप आहे." केसपेपरवर ताप लागला. त्याने आईला ते विचारलंच नव्हतं, एवढी कोरकू मला कळत होती. पण लाजेने मीही गप्प बसलो. ते आजही सलतं.

अशाच अडचणीसाठी ऑस्ट्रेलियाने १९७३ साली फोनवरून दुभाष्याची सरकारी सेवा सुरू केली. त्याच वर्षी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे स्वतः रुग्णांची माडिया भाषा शिकले. पण वर्षभराच्या बॉन्डवर आलेल्या तरुण डॉक्टरने कधी शिकायचं? मग आशाताई, शिपाई, ड्रायव्हर, जो हाताशी असेल तो दुभाषी. दोन्ही भाषा येणं वेगळं आणि दुभाष्याचं काम येणं वेगळं. शिकलेला दुभाषी "ती म्हणते" असं म्हणत नाही. "माझ्या पोटात दुखतं" असं बाईच्याच तोंडचं सांगतो. पदरचं घालत नाही, लाजेखातर गाळत नाही, ऐकलेलं गावात नेत नाही. हे शिकवावं लागतं आणि त्याचा पगारही द्यावा लागतो. डॉक्टर आणि रुग्ण यांच्याजवळ एक तिसरी खुर्ची हवी, एवढंच माझं मागणं आहे.

आजच्या सत्रांचं कोरकूत भाषांतर आमच्या दोन मुली करणार आहेत. त्यांना हारतुरे नाहीत, रीतसर मानधन आहे. राहण्या-जेवण्यात काही उणं पडलं तर पोटात घाला, असं स्वागताध्यक्षाने म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. उणं पडलं तर सांगा, कोरकूत सांगा. ऐकून घ्यायला माणूस बसवला आहे.