धनंजयराव गाडगीळ, सहकार आणि आपली सोसायटी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका सभासदाने केलेले भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, "सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवलंत, पंधरा मिनिटं काहीतरी बोला, पण बजेटवर नको." म्हणून मी विषय निवडला तो एका माणसाचा. डॉ. धनंजयराव गाडगीळ. आज इथल्या तरुण मंडळींपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकलेलं असेल. ज्यांनी एमपीएससीचा अभ्यास केला आहे त्यांना 'गाडगीळ सूत्र' पाठ असेल. पण त्या सूत्रामागचा माणूस आपल्या पुण्याचा होता, आणि आपल्या इमारतीच्या दारावर जी पाटी आहे, 'सहकारी गृहरचना संस्था मर्यादित', त्यातल्या पहिल्या शब्दासाठी त्याने अर्धं आयुष्य घालवलं.

जन्म १९०१ चा. शाळा नागपूरला, पुढचं शिक्षण केंब्रिजला. तिथे त्यांनी भारतातल्या उद्योगधंद्यांच्या वाढीवर प्रबंध लिहिला. तो १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी तो पाठ्यपुस्तकासारखा वापरला. आम्हीही वापरला. त्या वेळी लेखकाचं वय होतं तेवीस. आपल्याकडे तेवीस वर्षांच्या मुलाला आपण गॅसचं बुकिंगसुद्धा एकट्याने करू देत नाही!

नंतर सुरतेला प्राचार्य म्हणून काही वर्षं काढून ते पुण्याला आले. साताऱ्याचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. वय एकोणतीस. १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षं, ते त्या खुर्चीवर होते.

आता या संस्थेने सुरुवातीला काय केलं ते बघा. मोठमोठे सिद्धान्त मांडले नाहीत. पुण्यात फळं कुठून येतात, कोण विकतं, दलाल किती घेतो, याची पाहणी केली. ती १९३३ मध्ये छापली. मग मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांत मोटारबस कशा चालतात, त्याची पाहणी. मग वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब. मग पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी: घरात माणसं किती, कमावते किती, धंदा कोणता, उत्पन्न काय. माणसं वही घेऊन दारोदार गेली. त्या काळी आपल्या देशाबद्दलची आकडेवारी बहुतेक सरकारी कचेऱ्यांतून यायची. गाडगीळांचं म्हणणं साधं होतं: मत नंतर द्या, आधी मोजून या.

हे वाक्य माझं आहे, त्यांचं नाही. पण त्यांच्या कामाचा अर्थ मी वर्गात तीस वर्षं असाच सांगत आलो. हे लक्षात ठेवा, मला पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता लोणीला जाऊ. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्यावर ऊस पिकत होता, पण शेतकरी मात्र कर्जात. गुळाचा भाव पडला की माणूस सावकाराच्या दारात. १९४५ मध्ये बेलापूरला कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. साखर कारखाना शेतकऱ्यांनीच काढायचा, स्वतःच्या मालकीचा, हा विचार तिथे जोर धरू लागला. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करू लागले. विठ्ठलरावांचं शालेय शिक्षण अगदी थोडं. इकडे गाडगीळ केंब्रिजचे. एक धोतर-फेट्यातला शेतकरी आणि एक प्राध्यापक, आणि सरकारात सहकारावर मनापासून विश्वास असणारे वैकुंठभाई मेहता मंत्री. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला.

आणि अध्यक्ष कोण? गाडगीळ. पहिली दहाएक वर्षं. मला त्यांच्या सगळ्या चरित्रात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. सल्ला देणारे प्राध्यापक पुष्कळ असतात. मी स्वतः त्यातलाच. पण हा माणूस संस्थेचं काम सांभाळून लोणीला बैठकांना जायचा, ताळेबंदाखाली सही करायचा, म्हणजेच बुडालं तर माझ्या नावासकट बुडू दे, असं म्हणायचा. सल्ला आणि सही यांत मोठं अंतर आहे मंडळी.

बरं, सहकाराबद्दल ते भाबडे होते असंही नाही. रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची मोठी पाहणी केली, ७५ जिल्हे, ६०० गावं. त्या समितीच्या चार सदस्यांत गाडगीळ होते. १९५४ मध्ये अहवाल आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा किती निघाला? शंभरात जेमतेम तीन रुपये. सावकारांचा सुमारे सत्तर. पन्नास वर्षं कायदा होता आणि हा निकाल! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, गुंडाळा हे. या समितीने निष्कर्ष काढला तो असा, की सहकार आजवर अपयशी ठरला आहे, पण तो यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नाही.

१९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण ते पद त्यांच्याकडे जेमतेम वर्षभर राहिलं, कारण १९६७ मध्ये त्यांना दिल्लीला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून बोलावलं. तेव्हा अशी स्थिती होती, की केंद्राची मदत कुठल्या राज्याला किती, याला ठरलेला नियम नव्हता. योजनेगणिक वाटप. ज्याचं दिल्लीत वजन, त्याचं ताट मोठं, अशी राज्यांची तक्रार. गाडगीळांनी सूत्र मांडलं. आसाम, जम्मू-काश्मीर, नागालँड या अडचणीतल्या राज्यांचा वाटा आधी बाजूला काढायचा. उरलेल्यातले साठ टक्के लोकसंख्येवर. दहा टक्के ज्यांचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी त्यांना. दहा टक्के कर गोळा करण्याच्या प्रयत्नावर. दहा टक्के पाटबंधारे आणि विजेच्या चालू मोठ्या प्रकल्पांना. आणि दहा टक्के राज्याच्या खास अडचणींना. चौथ्या योजनेला, म्हणजे १९६९ पासून, ते लागू झालं.

ऐकताना रुक्ष वाटतं ना? पण आपल्या मेंटेनन्सच्या बिलाकडे बघा. सेवा शुल्क सगळ्यांना सारखं. पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या प्रमाणात. लिफ्टचा खर्च तळमजल्यालाही! यावर आपल्याकडे दर वार्षिक सभेत जी लढाई होते, तीच दिल्लीत चालू होती, फक्त तिथे मुख्यमंत्री भांडत होते. सूत्राने सगळे खूश झाले नाहीत, होणारही नव्हते. पण नियम सगळ्यांसमोर आला. कुणाला किती मिळालं हे कागदावर पडताळता यायला लागलं. विश्वासाला हिशेबाची जोड मिळाली.

१९७१ मध्ये ते आयोगातून बाहेर पडले आणि त्याच वर्षी ३ मे रोजी गेले. वय सत्तर. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचेच चिरंजीव.

आता सचिवांनी दिलेली पंधरा मिनिटं संपत आली, पण ज्यासाठी मी हा विषय घेतला ते अजून बोललो नाही.

आपल्या जुन्या सभासदांना आठवत असेल. सोसायटीला सात-आठ वर्षं झाली होती. तळमजल्यावरचे अण्णा पहिल्या दिवसापासून खजिनदार. वार्षिक सभेत मी उभा राहिलो. हातात ताळेबंद आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स. म्हटलं, ३१ मार्चला बँकेत अठरा हजार चारशे रुपये जास्त दिसतात आणि तुमच्या ताळेबंदात कमी. हे पैसे गेले कुठे? शब्द एवढेच होते, पण सूर वेगळा होता. सभेत शांतता पसरली. अण्णा म्हणाले, "सर, बघून सांगतो." कुणीतरी मागून हसलं.

त्याच रात्री नऊ वाजता अण्णा आमच्याकडे आले. कापडी पिशवीत रोजकीर्द, व्हाउचरची फाईल, चेकबुकाची अर्धुकं. रंगकाम करणाऱ्याला २८ मार्चला चेक दिला होता. त्याने तो ४ एप्रिलला बँकेत भरला. वहीत खर्च पडला, बँकेत पडायचा होता. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचं उदाहरण! आणि मी कॉलेजात अर्थशास्त्राचा विभागप्रमुख. सौ.नी चहा ठेवला होता. मी म्हटलं, "ठीक आहे अण्णा, कळलं." ते पिशवी उचलून गेले. चहा तसाच राहिला.

चारचौघांत आरोप केला आणि चार भिंतींत मागे घेतला. पुढच्या सभेत मी उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. अण्णांनी त्यानंतर निवडणुकीला अर्ज भरला नाही, कारण विचारलं तर तब्येत म्हणाले. मग दोन वर्षं आपल्याला धड खजिनदारच नव्हता. सिंकिंग फंडाचे पैसे बचत खात्यात पडून राहिले, लेखापरीक्षकाने शेरे मारले, आणि टाकीची गळती निघाली तेव्हा प्रत्येकाकडून जादा वर्गणी काढावी लागली. त्या वर्गणीवरही मीच सर्वांत जास्त बोललो होतो.

मी वर्गात मुलांना सांगायचो, आधी मोजा, मग बोला. घरी आल्यावर आधी बोललो. आणि बोलून सही मात्र कधी केली नाही. पंचवीस वर्षांत एकदाही मी कार्यकारिणीत नव्हतो. मला वेळ नाही, असं सांगायचो. गाडगीळांना पुण्याहून लोणीला जायला वेळ मिळत होता. मला तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर उतरायला मिळत नव्हता.

अण्णा आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. कानाला यंत्र आहे, तेव्हा जरा मोठ्याने बोलतो. अण्णा, तुमचा हिशेब बरोबर होता. चुकलो मी. हे सतरा वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं.

आता पुनर्विकासाचा विषय आपल्या दाराशी आला आहे. यापुढे हिशेब अठरा हजारांचे नसतील, कोटींचे असतील, आणि संशयसुद्धा तेवढेच मोठे असतील. प्रश्न विचारायचेच. सभासदाचा तो हक्क आहे, कर्तव्यही. फक्त आधी वही बघू, मग माणसावर बोट ठेवू. आणि उत्तर मिळालं की तेही सभेतच सांगू.

येत्या निवडणुकीत खजिनदार व्हायला कुणी तयार नाही, असं सचिव म्हणत होते. माझं नाव लिहून घ्या. वय अडुसष्ट आहे, पण बेरीज अजून येते. अट एकच. पहिले सहा महिने अण्णांनी दर रविवारी माझी कीर्द तपासायची. चहा आमच्याकडे. या वेळी तो प्यायल्याशिवाय उठायचं नाही.

मुलांनो, वडापाव आले.